पन्नाशीनंतरची शिकवणी

आपल्या शास्त्रकारांनी माणसाच्या आयुष्याचे चार आश्रम पाडले आणि शिकण्याचे सगळे काम पहिल्या आश्रमाच्या खाती टाकून दिले. गुरुगृही जावे, विद्या करावी आणि घरी परत येऊन संसाराला लागावे. पुढे पन्नाशी आली की वनाची वाट धरावी. या वाटेवर मध्येच वळून आठवड्यातून एकदा एखाद्या मास्तरांकडे जाऊन बसावे, अशी सोय त्यांनी कोठे केलेली नाही. शास्त्रकारांचे जाऊ द्या. आपल्या मध्यमवर्गीय घरांतूनही नियम तोच आहे. शिकवणी असते ती मुलांची. वडील माणसांनी करायचे ते एवढेच, की महिन्याच्या पहिल्या तारखेला फी भरायची आणि ‘अभ्यास झाला का?’ म्हणून विचारायचे.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी छप्पन्नाव्या वर्षी गिटारच्या शिकवणीला जाऊ लागलो, तेव्हा आमच्या इमारतीत थोडीफार खळबळ झाली. पाठीवर ते भले मोठे कापडी खोळीतले वाद्य घेऊन मी जिना उतरत असता तळमजल्यावरच्या आजोबांनी मला थांबवून, ‘मुलीची गिटार दुरुस्तीला नेताय वाटतं?’ असे विचारले. ‘नाही, मीच शिकायला चाललोय,’ म्हटल्यावर त्यांनी, ‘असं, असं,’ म्हणून माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी माणूस इस्पितळात भेटायला गेला म्हणजे वापरतो. घरी सौभाग्यवतींचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. ‘तुम्हांला येते ना वाजवायला? मग शिकायचे काय?’

वर्षभर या सदरात मी चहा, पाहुणे, लग्नाच्या पत्रिका, असल्या किरकोळ गोष्टींविषयी लिहितो. दिवाळीला संपादकमजकूर नेहमीपेक्षा ऐसपैस जागा देतात. तेव्हा सौभाग्यवतींच्या त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देऊन टाकावे, असे मी ठरविले आहे. कारण प्रश्न साधा दिसला तरी साधा नाही. ज्याला काहीच येत नाही, त्याने शिकावे हे सर्वांनाच पटते. ज्याला थोडेफार येते, त्याने पुन्हा शिष्य का व्हावे?

आता थोडेफार म्हणजे किती, ते सांगतो. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ हा चित्रपट आला. त्यात कॉलेजच्या निरोपसमारंभात आमीर खान हातात गिटार घेऊन गाणे म्हणतो. ते पाहून त्या वर्षी मुंबईतल्या किती तरुणांनी वडिलांकडे गिटारसाठी पैसे मागितले असतील, देव जाणे. मी त्यांतला एक. कॉलेजातल्या एका मित्राने चार कॉर्ड दाखवल्या. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवण्यासाठी बोटांची बांधलेली मांडणी. त्या चार मांडण्यांवर हिंदी गाण्यांपैकी निम्मी गाणी कशीबशी बसतात, ही गोष्ट तरुण माणसाच्या फार लवकर ध्यानात येते. मग सहली झाल्या, गॅदरिंगे झाली, लग्नानंतर कोजागिरीच्या रात्री गच्चीवर मैफली झाल्या. माणसे ‘वा, वा’ म्हणत आणि मसाला दूध देत. तीस वर्षे हा संसार सुखाने चालला होता.

मग एकदा कन्या पुण्याहून चार दिवस माहेरी आली होती. मी रात्री जेवणानंतर नेहमीप्रमाणे गिटार काढली. ती ऐकत बसली आणि सहज म्हणाली, ‘बाबा, मी बालवाडीत होते ना, तेव्हाही तुम्ही हेच वाजवत होता.’ त्यात टीका नव्हती. उलट प्रेमच होते. परंतु ते वाक्य माझ्या मनात राहिले. ती मुलगी बालवाडीतून शाळेत, शाळेतून कॉलेजात, तिथून नोकरीत आणि संसारात गेली, आणि माझे गाणे तिथेच बसून तिची वाट पाहत होते. मला नोकरीची चार वर्षे उरली होती. पुढे हाती जो रिकामा वेळ येणार, त्यात मी काय करणार, याचा विचार त्या रात्री पहिल्यांदा मनात आला. तेच गाणे आणखी वीस वर्षे वाजवायचे, की थोडे पुढे सरकायचे?

पुढे सरकायचे तर हल्ली मास्तर कशाला हवा, असे पुष्कळजण विचारतील. मोबाइल हातात आहे, यूट्यूबवर जगातले नामांकित वादक फुकट शिकवायला बसले आहेत, हवे ते गाणे हव्या त्या गतीने लावून पाहता येते. हे सगळे खरे आहे आणि त्याला मी नावे ठेवणार नाही. आमच्या वेळी एका गाण्याच्या कॉर्ड कळायला कॅसेट पुढेमागे करून फीत झिजवावी लागे. आजच्या मुलांना ती माहिती अर्ध्या मिनिटात मिळते. पण यात एक मौज आहे. त्या पडद्यावरचा वादक तुम्हांला दिसतो. तुम्ही त्याला दिसत नाही. त्याचे बोट कोठे आहे हे तो दहा वेळा दाखवील, पण तुमचे बोट कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. आणि माझ्या मते, ज्याला थोडेफार वाजवता येते, त्याची सगळी अडचण या दुसऱ्या प्रकारची असते. माहिती त्याच्यापाशी भरपूर असते. त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते.

वाद्य वाजवताना माणूस एका वेळी दोन कामे करीत असतो: वाजवण्याचे आणि ऐकण्याचे. वाजवण्याचे काम कठीण झाले की ऐकण्याच्या कामावरचे लक्ष उडते. मग कानाला जे प्रत्यक्ष वाजते त्याऐवजी मनात असलेलेच ऐकू येऊ लागते. सोपी जागा आली की हात धावू लागतात, कठीण जागा आली की ते रेंगाळतात, आणि वादकाला मात्र वाटत असते की लय अगदी एकसारखी चालली आहे. मेट्रोनोम म्हणून टिकटिक करणारे एक यंत्र असते. ते समोर ठेवले की भलेभले वादक म्हणतात, ‘हे यंत्रच मागेपुढे होते आहे!’ तबलजीशी भांडणाऱ्या गवयांच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेतच. म्हणून बाहेरचा एक कान हवा. तो कान तुमच्यावर प्रेम करणारा असून भागत नाही, कारण घरची माणसे ‘छान झाले’ म्हणतात आणि स्वयंपाकघरात जातात. त्या कानाला काय ऐकायचे ते कळले पाहिजे आणि ते सांगण्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

हे मी नुसते तर्काने सांगत नाही. आमच्या एका स्नेह्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. कॉलेजच्या आमच्या टोळक्यात खरी गिटार वाजवणारे तेच. मला चार कॉर्ड दाखवणारे मित्र ते हेच. पुढे ते बँकेत लागले, बढत्या घेत गेले, पण वाजवणे सोडले नाही. बँकेच्या स्नेहसंमेलनात त्यांचा कार्यक्रम ठरलेला असे. पन्नाशी उलटल्यावर त्यांचे डावे मनगट दुखू लागले. दहा मिनिटे वाजवले की अंगठ्याच्या मुळापासून कळ निघे. डॉक्टरांना दाखवले, तपासण्या झाल्या. मोठा आजार काही नाही, हातावर ताण येतो आहे, विश्रांती द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. विश्रांती दिली की दुखणे थांबे, गिटार घेतली की पुन्हा सुरू. असे वर्षभर झाल्यावर त्यांनी गिटार खोळीत घातली आणि माळ्यावर ठेवून दिली. मला म्हणाले, ‘अरे, हात गेला आता. चाळीस वर्षे साथ दिली, पुष्कळ झाले.’ त्यांनी हे हसत सांगितले, पण त्यानंतर कोजागिरीला गच्चीवर यायचे त्यांनी बंद केले.

मी शिकवणीला जाऊ लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्यांना बळेच बरोबर नेले. आमचे सर दादरला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय सत्तावीस. मी त्यांना ‘सर’ म्हणतो आणि ते मला ‘काका’ म्हणतात; या दोन हाकांतले अंतर आम्ही दोघांनीही समजुतीने मिटवले आहे. सरांनी स्नेह्यांच्या हाती गिटार दिली आणि म्हणाले, ‘काका, तुम्हांला आवडते ते काहीही वाजवा. दुखले की थांबा.’ स्नेह्यांनी वाजवायला सुरुवात केली. मला वाटले, सर आता कौतुकाने बोटांकडे बघतील, कारण बोटे खरोखरच बघण्यासारखी होती. सर बोटांकडे बघतच नव्हते. ते खांद्याकडे, कोपराकडे आणि खुर्चीकडे बघत होते.

दोन मिनिटांनी ते उठले. घरातला एक लहान पाट आणून त्यांनी स्नेह्यांच्या डाव्या पायाखाली ठेवला आणि गिटार उजव्या मांडीवरून उचलून डाव्या मांडीवर घेतली. त्याबरोबर दांडीचे टोक वर आले, आणि इतकी वर्षे खाली वाकून काटकोनात दुमडलेले मनगट जवळजवळ सरळ झाले. मग त्यांनी एक प्रयोग करून दाखवला. तार पडद्यापासून दूर दाबली तर ती स्वच्छ वाजायला पुष्कळ जोर लागतो. तीच तार पडद्याला अगदी लागून, त्याच्या किंचित अलीकडे दाबली तर थोड्याशा जोरात भागते. ‘आता अंगठा काढून घ्या काका, आणि नुसत्या हाताच्या वजनाने तार दाबून बघा,’ ते म्हणाले. स्नेह्यांनी अंगठा काढला. सूर वाजला. अंगठ्याने दांडी मागून चिमट्यासारखी आवळायची गरज नव्हती, हे त्यांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रथम कळले.

सहा आठवडे सरांनी त्यांना एकही पूर्ण गाणे वाजवू दिले नाही. रोज पाच मिनिटे, मग विश्रांती, मग पुन्हा पाच मिनिटे, तीही इतक्या हळू की ऐकणाऱ्याने झोपावे. दुखले की त्याच क्षणी थांबायचे, आणि दुखणे वाढले तर डॉक्टरांकडे जायचे, ही अट होती. हळूहळू पाचाची दहा मिनिटे झाली, दहाची वीस. आज ते अर्धा तास वाजवतात. पूर्वीसारखे दोन-दोन तास नाही. पण गिटार माळ्यावर नाही, दिवाणखान्यात आहे. सरांपाशी काही जादू नव्हती. चाळीस वर्षांत त्यांच्या वादनाला शेकडो माणसांनी टाळ्या दिल्या होत्या. बसण्याकडे कोणी पाहिले नव्हते.

ही गोष्ट फक्त वाद्याचीच आहे असे नाही. अतुल गावंडे हे अमेरिकेतले प्रसिद्ध शल्यचिकित्सक आणि लेखक. त्यांचे वडील मूळचे विदर्भातले. २०११ साली ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात त्यांनी एक लेख लिहिला. शस्त्रक्रिया करता करता बरीच वर्षे झाली होती, हात बसला होता, पण आपली प्रगती एका पातळीवर येऊन थांबली आहे असे त्यांना वाटू लागले. खेळाडूंना शिक्षक असतो, गायकांना असतो, मग शल्यचिकित्सकालाच का नसावा? म्हणून त्यांनी आपल्या जुन्या, निवृत्त झालेल्या शिक्षकांना आपल्या शस्त्रक्रियेला येऊन नुसते पाहत उभे राहण्याची विनंती केली. शस्त्रक्रिया गळ्याच्या थायरॉइड ग्रंथीची होती आणि ती उत्तम पार पडली. नंतर गुरुजींनी आपली टिपणे काढली. तुमचे कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीला जाते. तिथे हातावरचा ताबा कमी होतो. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, ते तुमच्या ध्यानात आले नाही. रोग्यावरची चादर तुमच्या सोयीने अंथरली होती, समोरच्या मदतनिसाला मात्र तिची अडचण होत होती. ज्या विद्येत माणसाचे प्राण पणाला लागतात, तिथला निष्णात माणूसही स्वतःचे कोपर स्वतः पाहू शकत नाही. मग आपण दांडीवरचा आपला अंगठा कसा पाहणार?

आणि खरे म्हणाल तर आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघा थोर गुरूंकडे शिकले. एकाचे शिक्षण झाले, आता पुरे, असे त्यांनी म्हटले नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे त्यांचे शिक्षण झाले होते, गवई म्हणून नाव होऊ लागले होते, ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या होत्या. अशा वेळी ते अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्यापुढे शिष्य म्हणून जाऊन बसले. १९३७ साली मंजी खाँ वारले, तेव्हा त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांच्याकडे त्यांनी शिक्षण चालू ठेवले. ज्याच्या तबकड्या लोक विकत घेऊन ऐकतात, त्या माणसाने पुन्हा ‘सा’ लावून दाखवायला बसायचे, याला मनाची केवढी तयारी लागत असेल! आपल्याला त्याच्या शतांशानेही तयारी लागत नाही. आपल्या कोणी तबकड्या काढलेल्या नाहीत.

येथे गिटारप्रेमी मंडळी माझ्यावर एक नाव फेकतील: आंद्रेस सेगोव्हिया. स्पेनमधला हा वादक १८९३ साली जन्मला आणि १९८७ साली वारला. गिटारला त्याने मैफलीच्या मोठ्या रंगमंचावर मानाचे पान मिळवून दिले. आणि तो बहुतांशी आपल्या आपणच शिकला होता! मग गुरू कशाला? मला या प्रश्नाचे उत्तर सेगोव्हियाच्याच चरित्रात सापडते. ज्याला स्वतःला मनाजोगा गुरू लाभला नाही, तो माणूस पुढे इटलीतल्या सिएना येथे उन्हाळी वर्गात तरुणांना शिकवू लागला. ऑस्ट्रेलियात जन्मलेला जॉन विल्यम्स हा नामवंत वादक तिथेच त्याच्या हाताखाली शिकला. स्वतःच्या बळावर रान तुडवीत गेलेल्या माणसाने मागून येणाऱ्यांसाठी पायवाट करून ठेवली. त्याच्या नावावर पायवाट सोडून पुन्हा रानात शिरण्यात काय हशील आहे? शिवाय सेगोव्हियाच्या अंगी जी चिकाटी होती, तिचा थोडा अंश आपल्यात असता तर आपण कोजागिरीला तेच गाणे तीस वर्षे कशाला वाजवले असते?

आता मोठेपणी शिकण्यात अडचणी आहेत, त्या लपवून ठेवण्यात अर्थ नाही. लहान मुलांची बोटे वळतात तशी आपली वळत नाहीत. पहिले बोट आडवे टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या, असा एक प्रकार गिटारवर असतो. दहा वर्षांच्या मुलीला तो जितक्या दिवसांत आला, तितके महिने मला लागले. ती मुलगी माझ्या आधीच्या तासाला येते. जाताना माझ्याकडे बघून ‘बेस्ट लक, आजोबा!’ म्हणते. नोकरी असते, आजारपणे असतात, पाहुणे असतात. शनिवारी तास आणि शुक्रवारी रात्री अकराला घरी पोहोचलो, असे पुष्कळदा घडते. आणि तरुण मुलाने, तो कितीही नम्र असला तरी, ‘काका, हे पुन्हा एकदा’ असे सातव्यांदा म्हटले की कानशिले थोडी तापतात.

परंतु मोठ्या माणसाच्या पदरी काही जमेच्या बाजूही आहेत. मूल सांगितले म्हणून करते; मोठा माणूस का म्हणून विचारतो आणि कारण कळले की विसरत नाही. एक तासभर सरांनी मला गिटारचे पडदे कसे बसवलेले असतात ते सांगितले. सप्तकाचे बारा समान भाग असतात. पडदे मात्र पुढे पुढे जवळ येत जातात, आणि बारावा पडदा तारेच्या लांबीच्या बरोबर मध्यावर पडतो. तिथे दाबलेली तार मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातला तोच सूर देते. शाळेत भूमितीने मला इतका आनंद कधी दिला नव्हता. दुसरे असे, की मुलांपुढे परीक्षा असतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी-परीक्षा आपल्याकडेही होतात आणि मुले त्यांच्या तयारीत गुंतलेली असतात. मोठ्या माणसाला परीक्षा द्यायची तर देता येते, पण सक्ती कोणाची नाही. तो आपल्या आवडीचे संगीत मागू शकतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की आठवड्यातून एकदा कोणीतरी आपली वाट पाहत आहे, या जाणिवेने सराव होतो. एरवी ‘उद्या करू’ म्हणून सोडलेली पंधरा मिनिटे गुरुवारी आपोआप सापडतात, कारण शनिवार जवळ आलेला असतो.

ज्यांच्या मनात हे वाचून काही हालचाल झाली असेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द सांगतो. मास्तर निवडताना तो किती मोठा वादक आहे हे पाहण्याआधी तो तुम्हांला वाजवायला लावतो की नाही, हे पाहावे. पहिला सगळा तास जो स्वतःच वाजवून दाखवतो, तो मैफलीला ठीक. शिकवणीला दुसरा शोधावा. मला अमुक गाणे बसवायचे आहे, किंवा अमुक जागी माझा हात अडतो, असे एक ठोस काम पहिल्याच दिवशी सांगावे. ‘मला गिटार शिकवा’ एवढे म्हणू नये. आठवड्याला तास परवडत नसेल तर पंधरवड्याला घ्यावा. मी महिन्याला जे देतो, तेवढ्यात आम्ही उभयता एकदा बऱ्यापैकी हॉटेलात जेवून येऊ; म्हणून महिन्यातून एकदा आम्ही घरीच पिठले-भात करतो, आणि तो हॉटेलपेक्षा बरा लागतो. सराव रोज थोडा करावा. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. महिन्यातून एकदा मोबाइलवर आपले वादन ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि सहा महिन्यांनी ऐकावे. शेजाऱ्यांची चिंता करू नये. त्यांच्याकडे टीव्ही आहे.

ज्याला जेवणानंतर चार गाणी वाजवून सुखाने झोपायचे आहे, त्याने अवश्य तसे करावे. त्या सुखात मला काही कमी दिसत नाही. पण ज्याला आपण कोठेतरी अडलो आहोत असे वाटते आणि जो ते वयाच्या खाती लिहून टाकतो, त्याने टाकण्यापूर्वी दहाबारा तास कोणाला तरी आपल्याकडे नीट पाहू द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. कित्येकदा हात गेलेला नसतो. पाट नसतो.

शेवटी घरोघरच्या पुरुषमंडळींशी दोन शब्द. आपल्या पिढीच्या कितीतरी मुली लग्नाआधी गाणे, पेटी, सतार शिकत होत्या. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत होत्या. कोणी प्रवेशिका झाली, कोणी मध्यमा; मग लग्न ठरले आणि विशारद राहून गेली. आमच्या वहिनींचे असेच झाले. त्यांची सतार गवसणीत घालून कपाटामागे उभी होती. दर दिवाळीला ती पुसली जाई आणि पुन्हा उभी केली जाई. माझा शिकवणीचा उद्योग पाहून त्यांनी गेल्या वर्षी, एकसष्टाव्या वर्षी, एका बाईंकडे जायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्या बाईंनी त्यांना पूर्वीचे काही वाजवायला सांगितले. वहिनी म्हणाल्या, ‘काही आठवत नाही हो.’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही नुसती हातात धरा.’ वहिनींनी सतार धरली आणि बोटे आपोआप यमनाच्या सुरांवर जाऊन बसली. पस्तीस वर्षे ती तिथेच होती. दादा आता शनिवारी संध्याकाळी स्वतः चहा करून घेतात आणि त्याबद्दल फारशी तक्रार करीत नाहीत.

पाडव्याला पत्नी ओवाळते तेव्हा ताम्हनात काय घालायचे, हा प्रश्न दर वर्षी पडतो. साड्या कपाटात मावत नाहीत आणि सोन्याचे भाव आपण वाचतोच. या वर्षी तिला तीन महिन्यांच्या शिकवणीची फी घालावी, आणि तासाच्या दिवशी घरचा स्वयंपाक कोण करणार तेही त्याच वेळी सांगून टाकावे. ज्या घरात मुले मिळवती झाली आहेत, त्यांनी बाबांसाठी आणखी एक कुडता आणण्यापूर्वी माळ्यावर एकदा नजर टाकावी. दिवाळीच्या साफसफाईत माळा उघडलेलाच असेल. तिथे एखादी खोळ सापडली तर ती खाली काढा, तारा बदलून घ्या, आणि जवळपास कोण शिकवते याची चौकशी करा. नववर्ष आपणां सर्वांना सुरेल जावो!